ब्रॉयलरखालचे तूस ओले, कडकनाथखालचे कोरडे: फरक रक्ताचा की खाद्याचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एकाच शेडमध्ये जाळी ताणून एका बाजूला २०० ब्रॉयलर, दुसऱ्या बाजूला २०० कडकनाथ. पिल्ले एकाच दिवशी आली, खाद्य एकाच पोत्यातले, पाणी एकाच टाकीचे. चौथ्या आठवड्यात ब्रॉयलरच्या बाजूचे, खाली अंथरलेले भाताचे तूस ओले झाले. शीट (विष्ठा) पातळ, मधूनच नारिंगी शेंबडासारखी. कडकनाथची बाजू मात्र खडखडीत. तेव्हा हा फरक रक्ताचा, म्हणजे जातीचा, की खाद्याचा? आणि कडकनाथखालचे तूस ब्रॉयलरखाली टाकले तर त्यांच्या पोटातले 'चांगले' जिवाणू ब्रॉयलरला लागतील का?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते तातडीचे आहे: तूस टाकू नका. कारण शेवटी सांगतो. पहिल्या प्रश्नाला 'दोन्हीचा' असे उत्तर देऊन सुटता येईल, पण त्याचा शेडमध्ये काही उपयोग नाही. रक्त ठरवते पोटाची ठेवण: पेटा (घास दळणारा पोटाचा स्नायूदार भाग) किती ताकदीचा, घास किती वेगाने पुढे सरकतो, भूक किती. खाद्य ठरवते की न पचलेले काय आणि किती उरते. जिवाणू जगतात ते या उरलेल्यावर. तिसरी एक बाब तुमच्या प्रश्नात नाही, पण ती या दोघांइतकीच भारी पडते: पहिल्या दोन-तीन दिवसांत पिल्लाच्या चोचीतून आत कोणते जिवाणू गेले.

आता थोडा हिशेब करू. २८ व्या दिवशी ब्रॉयलर दिवसाला साधारण १४० ग्रॅम खाद्य खातो. त्याच वयाचे कडकनाथ २०-२५ ग्रॅमवर थांबते. मका-सोयाच्या खाद्यातला पाव ते तिसरा हिस्सा कोरडा माल शिटेतून बाहेर पडतो असे धरा. ब्रॉयलरमागे ३५ ते ४० ग्रॅम, कडकनाथमागे सहा-सात ग्रॅम. ताज्या शिटेत पाऊण हिस्सा किंवा थोडे जास्तच पाणी असते, म्हणजे २०० ब्रॉयलर रोज ३० किलोच्या वर ओला माल तुसावर टाकतात आणि २०० कडकनाथ पाच-सहा किलो. जागा दोघांना सारखीच दिली असेल, तर जिवाणूंचे नाव न घेताही तुमच्या अर्ध्या प्रश्नाचे उत्तर इथेच मिळते. त्यात कडकनाथ दिवसभर उकरत राहतो, तूस हलते आणि वाळते. चार आठवड्यांचा ब्रॉयलर खातो आणि बसतो.

उरलेला अर्धा प्रश्न मात्र जिवाणूंचाच आहे.

घास आधी अन्नपिशवीत थांबतो. तिथे ओलावा आणि ऊब असते, त्यामुळे लॅक्टोबॅसिलस वाढतात आणि थोडे लॅक्टिक आम्ल बनते. पुढे आम्ल सुटणारे जठर आणि त्याला लागून पेटा, म्हणजे कलेजी-पेट्यातला तोच पेटा. पेटा नीट काम करत असेल तर आतला सामू (पीएच; जितका कमी तितके आम्ल जास्त) अडीच ते साडेतीनच्या आसपास राहतो. खाद्याबरोबर आलेल्या बऱ्याच जिवाणूंना हा खरा नाका आहे. नंतर लहान आतडे. तिथे माल झपाट्याने सरकतो, म्हणून जिवाणूंना टिकायला वेळ कमी. शेवटच्या भागात एका ग्रॅममागे दहा कोटी ते शंभर कोटी जिवाणू सापडतात. ब्रॉयलरमध्ये घास चोचीपासून शेवटपर्यंत चार ते सहा तासांत पोहोचतो. लहान-मोठ्या आतड्याच्या सांध्यावर बोटाएवढ्या दोन आंधळ्या पिशव्या असतात, त्यांना सीकम म्हणतात. तिथे बारीक आणि पातळ माल मागे ढकलला जातो आणि तासन् तास मुरतो. एका ग्रॅममागे हजार कोटी ते दहा हजार कोटी जिवाणू. कोंबडीच्या पोटातल्या जिवाणूंवरचे बहुतेक संशोधन या पिशव्यांवरच झालेले आहे.

सीकम मधूनमधून रिकामी होते, तेव्हा चॉकलेटी, चिकट, उग्र वासाची शीट पडते. ती पांढरी टोपी असलेल्या नेहमीच्या शिटेपेक्षा अगदी वेगळी दिसते. दर सात-आठ साध्या शिटांमागे अशी एखादी दिसली तर तो आजार नाही. तीच पिवळट, फेसाळ आणि पातळ झाली, तर सीकममध्ये जायला नको ते जात आहे असे समजावे.

रक्ताचा भाग स्वच्छ पाहायचा तर खाद्य आणि घर सारखे ठेवून फक्त वंश बदलायला हवा. असा प्रयोग अमेरिकेत व्हर्जिनिया टेकमध्ये पॉल सीगल यांनी १९५७ पासून चालवला. व्हाइट प्लायमाउथ रॉकच्या एकाच मूळ कळपातून दोन वंश काढले. एकात दर पिढीला आठ आठवड्यांच्या वजनाने भारी पक्षी निवडायचे, दुसऱ्यात हलके. पन्नासेक पिढ्यांनंतर दोन्हींच्या वजनात दहापटीपेक्षा जास्त अंतर पडले. या दोन वंशांना एकच खाद्य देऊन विष्ठेतले जिवाणू तपासले (निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले), तेव्हा वंशागणिक त्यांची मांडणी वेगळी निघाली. फरक दाखवणाऱ्यांत लॅक्टोबॅसिलसच्या जाती ठळक होत्या. नर-मादीतही फरक होता, आणि हे आपल्याकडे सहसा कोणी लक्षात घेत नाही. मात्र तपासलेल्या जिवाणूंपैकी थोड्यांचाच अंश पिढीजात चालत आलेला दिसला. बहुतेकांवर रक्ताची पकड सैल होती.

दुसरे उदाहरण फ्रान्सचे, आणि ते पोल्ट्रीवाल्याच्या जास्त कामाचे आहे. इन्रा या कृषी संशोधन संस्थेने मुद्दाम पचायला जड गव्हाचे खाद्य देऊन चांगले पचवणारा आणि वाईट पचवणारा असे दोन ब्रॉयलर वंश निवडले. गहू एवढ्यासाठी की हलक्या खाद्यावर सगळेच पास होतात, फरक कळत नाही. चांगल्या पचवणाऱ्या वंशाचा पेटा आणि जठर मोठे निघाले, आतडी तुलनेने हलकी. वाईट पचवणाऱ्यांत उलट: पेटा लहान, आतडे जड, विष्ठा जास्त. दोन्हींच्या पोटातले जिवाणूही वेगळे. इथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. अमुक जिवाणू पाळायचा अशी आज्ञा जनुकात नसते. जनुकात पेट्याची ताकद असते. पेटा कमजोर असला की न दळलेला, न पचलेला माल पुढे जातो, सामू चढा राहतो, आणि मग जिवाणूंची वस्ती आपोआप बदलते. म्हणून पेटा मजबूत करता आला, तर रक्ताने आलेली उणीव काही अंशी खाद्याने भरून काढता येते. सगळी नाही.

आतड्याचा श्लेष्मा, त्यातली प्रतिपिंडे, जिवाणू मारणारी लहान प्रथिने, पित्त, यांतही वंशावंशांत फरक असतात. त्यातले शेडच्या दारातून तुम्हाला काही बदलता येत नाही, म्हणून पुढे जातो.

रक्त, खाद्य आणि जिवाणू हे तिघे एका जागी सापडतात ते तपकिरी अंड्यांत. काही तपकिरी अंडी घालणाऱ्या कोंबड्यांच्या अंड्याला मासळीसारखा वास येतो, आणि गिऱ्हाईक म्हणते कोंबडीला सुकट चारलीत. पुष्कळदा तसे नसते. खाद्यातले कोलीन, किंवा मोहरीवर्गीय पेंडेतले सिनापिन, जिवाणू फोडतात आणि ट्रायमिथाइलअमाइन हा वासाचा पदार्थ तयार होतो. निरोगी यकृत त्याचा वास मारते. ज्या कोंबडीत एफएमओ३ या जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या असतात तिला ते जमत नाही आणि वास बलकात उतरतो. हा बिघाड २००५ साली नेमका सापडला आणि मोठ्या ब्रीडिंग कंपन्यांनी तो आपल्या वंशांतून काढून टाकला. नीट पाहा: बिघडलेले जनुक असूनही पेंड नसेल तर वास जाणवेलच असे नाही, आणि पेंड असूनही जनुक धड असेल तर सहसा वास नाही. गावठी संकरांत हे जनुक कोणी तपासलेले नसते, म्हणून तपकिरी अंड्याच्या कळपाला मोहरीची पेंड हात राखूनच द्यावी.

आता ती तिसरी बाब. ऑस्ट्रेलियात २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एकाच जातीची पिल्ले, सारखे खाद्य, सारखी व्यवस्था ठेवून तीन वेळा प्रयोग केला, तरी दर वेळी सीकममधली वस्ती वेगळीच निघाली. एकाच बॅचमधल्या दोन पक्ष्यांतही मोठा फरक. कारण असे मांडले गेले की हॅचरीचे पिल्लू आईला पाहतच नाही. अंडी धुतलेली, सेटर-हॅचर (अंडी उबवण्याची यंत्रे) निर्जंतुक केलेले, पिल्लू खोक्यातून थेट शेडमध्ये. पहिला जिवाणू त्याला मिळतो तो खोक्याच्या कागदावरून, तुसावरून, पाण्यातून किंवा तुमच्या हातावरून. म्हणजे नशिबाचा खेळ.

गावाकडे खुडूक कोंबडीखाली निघालेल्या पिल्लाचे तसे नाही. आई उकरते, शीट टाकते, पिल्ले तिथेच टोचे मारतात, आणि पहिल्याच दिवशी मोठ्या कोंबडीची पूर्ण वस्ती पोटात जाते. चेक प्रजासत्ताकात ब्रनो इथल्या पशुवैद्यकीय संशोधकांनी २०१९ मध्ये दाखवले की कोंबडीबरोबर एक दिवस राहिले तरी पिल्लाचे सीकम बदलते. विशेषतः बॅक्टेरॉइड्स गटाचे जिवाणू त्यातून येतात. ते बीजाणू (वाईट काळात तग धरणारे कवचबंद रूप) करत नाहीत, हवेत फार तग धरत नाहीत, त्यामुळे आईशिवाय ते पिल्लापर्यंत पोहोचणे अवघड. क्लोस्ट्रिडियमच्या नात्यातले बीजाणूवाले धुळीतूनही येऊ शकतात. म्हणून ब्रॉयलर शेडमध्ये आधी कोलायवर्गीय (ई. कोलायसारखे) आणि एन्टरोकोकस जिवाणू घुसतात, मग बीजाणूवाले, आणि सीकम स्थिरावायला तीन-चार आठवडे लागतात. पंचविसाव्या दिवसाच्या आसपास ब्रॉयलरची शीट बिघडते तेव्हा ही वस्ती जेमतेम बसत असते आणि खाणे रोज वाढत असते.

कडकनाथ, असील आणि कॉब ४००, रॉस ३०८ या ब्रॉयलर जातींच्या सीकममधले जिवाणू भारतातही शेजारी शेजारी ठेवून तपासले गेले आहेत (२०१८), आणि जातीगणिक वस्ती वेगळी आढळली. असा निष्कर्ष वाचताना एक सवय लावून घ्या: पक्षी एकाच वयाचे होते का, एकाच हॅचरीचे होते का, वेगवेगळ्या तुसावर होते का, हे विचारा. वय सारखे धरले तर वजनात सात-आठपट फरक पडतो आणि वजन सारखे धरले तर वयात काही महिन्यांचा. शिवाय एकाच तुसावर राहणारे पक्षी एकमेकांची शीट टोचून हळूहळू एकसारखे होत जातात.

तुमच्या शेडकडे वळू. नारिंगी शेंबडासारखी शीट हा माझ्या दृष्टीने यातला सर्वांत गंभीर शब्द आहे. ती आतड्याची साल निघाल्याची खूण असते आणि चौथ्या आठवड्यात पहिला संशय कॉक्सीचा (कॉक्सीडिओसिस, आतड्यातल्या परजीवीचा आजार). आज मेलेला पक्षी आणि ताजी शीट घेऊन पशुवैद्यकाकडे जा, सूक्ष्मदर्शकाखाली कॉक्सीची अंडी मोजून घ्या. कॉक्सीने आतडे खरवडले की त्यातून रक्तद्रव आणि श्लेष्मा पाझरतो. क्लोस्ट्रिडियम परफ्रिंजेन्सला नेमके हेच हवे असते. तो बरीच अमिनो आम्ले स्वतः बनवू शकत नाही, तयार मिळाली की काही तासांत बेसुमार वाढतो. नेट-बी हे विष बनवणारा प्रकार असेल तर आतड्याच्या आतल्या बाजूला जुन्या टॉवेलसारखा खरखरीत थर दिसतो. तो नेक्रोटिक एन्टरायटिस, म्हणजे आतडे सडवणारा आजार. तेव्हा प्रोबायोटिकची (उपयोगी जिवंत जिवाणूंची) पुडी शोधत बसू नका, उपचार पशुवैद्यकाने ठरवायचा आहे.

तेही नसेल तर पाणी आणि मीठ पाहा. निपलची (पाणी पिण्याच्या तोटीची) उंची, गळती, बोअरचे क्षार, खाद्यातले सोडियम ०.२ टक्क्यांच्या बरेच वर गेले आहे का. खारवलेली सुकट घातलेल्या घरगुती खाद्यात हे सर्रास होते. पक्षी पाणी जास्त पितो, शीट पातळ होते आणि दोष जिवाणूंना लागतो.

यानंतर खाद्य. पोत्यावरचे आकडे सोडा, पक्ष्याच्या आतून बघा. कापायला नेलेल्या पक्ष्यांतले पाच पेटे उघडा. चांगला पेटा घट्ट, जाड भिंतीचा, आत भरड मका आणि तुसाचे तुकडे, आतले पिवळे अस्तर अखंड. बारीक दळलेल्या खाद्यावरचा पेटा लहान, लिबलिबीत, आत चिखलासारखा लगदा, आणि त्याच्या वरचे जठर फुगून दोघांमधली चिमट सपाट झालेली. आत सामू-पट्टी लावा. साडेचारच्या वर रंग गेला तर नाका उघडा पडला असे समजा. मग साधारण १०० ग्रॅम ताजी शीट बारीक चाळणीत पाण्याने धुवा. पिवळे मक्याचे कण आणि सोयाची साले डोळ्यांनी मोजता येतील इतकी दिसली, तर खाद्य पेट्याला चकवून निघते आहे.

घरी मिक्सिंग करत असाल तर सगळा मका एकाच बारीक चाळणीतून काढू नका. दहाव्या दिवसानंतर मक्याचा पाव हिस्सा हॅमर मिलच्या ४ ते ५ मिलिमीटर चाळणीतून भरड काढून मिसळा. त्यात २ ते ३ टक्के स्वच्छ, कोरडे, न दळलेले भाताचे तूस घाला. तूस पचत नाही, आणि तेच त्याचे काम आहे: ते पेट्यात अडकून राहते, पेट्याला व्यायाम होतो, आम्ल जास्त सुटते. बुरशी लागलेले तूस मात्र घालू नका. पाच टक्क्यांच्या वर गेलात की ऊर्जा पातळ होऊन एफसीआर (किलो वजनवाढीमागे लागणारे खाद्य) मार खातो. कडकनाथ हे तूस आपणहून खातो, आणि त्याचा पेटा सहसा घट्ट असतो त्यामागे हेही एक कारण आहे. खाद्य क्रम्बल (पेलेटचा चुरा) किंवा पेलेटचे (दाबून केलेल्या गोळ्यांचे) असेल तर आत भरड किती हे बाहेरून कळत नाही. मूठभर पेलेट पाण्यात विरघळवून एक मिलिमीटरच्या चाळणीतून गाळा. वर काहीच उरले नाही तर पेट्याला काम नाही.

प्रथिनाची बाजू याहून नाजूक. सोया डीओसी (तेल काढलेली पेंड) कच्ची राहिली तर तिच्यातला ट्रिप्सिन रोखणारा घटक शाबूत राहतो, प्रथिन न पचता सीकममध्ये उतरते आणि तिथे सडते. अमोनिया, उग्र वास, पातळ शीट. जास्त भाजली तर लायसिन जळते, तेही न पचता खालीच जाते. दोन साध्या चाचण्या फीड मिलच्या प्रयोगशाळेत होतात. युरिएज चाचणीत सामूचा फरक ०.०५ ते ०.२० च्या दरम्यान हवा, आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये प्रथिनाची विद्राव्यता ७८ ते ८५ टक्के. ८५ च्या पुढे कच्ची, सत्तरच्या खाली घसरली तर करपलेली. एक ट्रक बदलला म्हणून सगळ्या शेडची शीट बदलली, हे इथून होते. नीट भाजलेल्या सोयातही रॅफिनोज आणि स्टॅकिओज या साखरा राहतातच. त्या फोडायचे पाचकद्रव्य कोंबडीकडे नाही. थोड्या असल्या तर सीकममधल्या जिवाणूंना खुराक, जास्त झाल्या तर पाणी ओढून शीट सैल.

म्हणून शीट पातळ दिसली की 'ताकद वाढवा' म्हणून प्रथिन चढवणे ही उलटी चाल आहे. एक टक्का कच्चे प्रथिन कमी करून मेथिओनिन, लायसिन, थ्रिओनिन बाहेरून भरून काढले तर विष्ठेतला नायट्रोजन साधारण ८ ते १० टक्क्यांनी उतरतो, पाणी पिणेही कमी होते. आणि कडकनाथला २२-२३ टक्के प्रथिनाचे ब्रॉयलर प्री-स्टार्टर महिनाभर चारणे हा तर पैशांचा चुराडा. त्याला पहिल्या सहा-आठ आठवड्यांत १८ ते २० टक्के पुरते, पुढे १६ च्या आसपास. एकाच पोत्यातले खाद्य दोघांना देण्यातली खरी चूक ही आहे, आणि तिचा भुर्दंड कडकनाथच्या बाजूला लागतो, ब्रॉयलरच्या नाही.

धान्य कोणते, यानेही वस्ती हलते. मक्यातले तंतू बहुतांश न विरघळणारे, त्याने आतड्यात चिकटपणा येत नाही. गहू आणि जवात विरघळणारे तंतू जास्त. ते लहान आतड्यात खळीसारखे होतात, घास रेंगाळतो, जिथे जिवाणू कमी हवेत तिथे ते वाढतात. मक्याचा भाव चढला की गहू २० टक्क्यांपर्यंत घालणारे असतात. तेव्हा झायलानेज (हे तंतू फोडणारे एन्झाइम) पाकिटावरच्या मात्रेने घालाच, अर्धे घालून बचत करू नका. हेच एन्झाइम नुसत्या मका-सोयावर फारसा चमत्कार दाखवत नाही. बाजरी आणि तांदळाची कणी पोटाला सोपी. डीओआरबी (तेल काढलेला भाताचा कोंडा) स्वस्त, पण तंतू आणि फायटेटचे (फॉस्फरस बांधून ठेवणाऱ्या घटकाचे) ओझे मोठे.

सगळे तंतू वाईट, असे मात्र नाही. थोडे आंबणारे तंतू सीकममध्ये गेले की आधी त्यापासून लॅक्टिक आणि अॅसेटिक आम्ल बनते, आणि फीकॅलिबॅक्टेरियमसारखे जिवाणू पुढे ब्युटिरिक आम्ल करतात. आतड्याच्या पेशींचे ते इंधन. बाहेरून लेप दिलेले ब्युटिरेट देता येते, पण सीकमला योग्य माल पोहोचवला तर ते घरातच तयार होते आणि फुकट.

खाद्य एका रात्रीत बदलू नका. स्टार्टरवरून (सुरुवातीच्या खाद्यावरून) फिनिशरवर (शेवटच्या खाद्यावर) जाताना पहिल्या दिवशी पाव, दुसऱ्या दिवशी अर्धे, तिसऱ्या दिवशी पाऊण. जिवाणूंना नव्या मालाची सवय लागायला वेळ लागतो, आणि मधल्या पोकळीत कोलायवर्गीय डोके वर काढतात.

या बॅचचे रक्त आता बदलता येत नाही, पहिला आठवडाही गेला. पुढच्या बॅचला पहिले तीन दिवस पक्के करा. उतरवल्यावर दोन तासांनी हातात घेतलेल्या पिल्लांपैकी किमान ७५ टक्क्यांची अन्नपिशवी भरलेली हवी, २४ तासांनी ९५ टक्क्यांची, आणि ती बोटाला मऊ लागायला हवी. कडक लागली तर पाणी मिळालेले नाही. ब्रूडिंगला (पिल्लांना ऊब देण्याच्या दिवसांत) 'सगळेच देतात' म्हणून तीन-पाच दिवस अँटिबायोटिक देण्याची चाल सोडा. वस्ती बसायच्या वेळीच जमीन नांगरून ठेवली की पुढे काय उगवेल ते आपल्या हातात राहत नाही. कोलिस्टिनला तर अन्नासाठी पाळलेल्या जनावरांत भारतात २०१९ पासून बंदीच आहे.

प्रोबायोटिक द्यायचे असेल तर याच तीन दिवसांत. लॅक्टोबॅसिलसचे पाण्यातून देताना त्या पाण्यात क्लोरीन नको, नाहीतर टाकीतच मरते. खाद्यातून द्यायचे तर बीजाणूवाले बॅसिलस, कारण पेलेटची उष्णता तेच सोसतात. एका ग्रॅम खाद्यात किमान दहा लाख जिवंत बीजाणू पडतील असे मिसळा, आणि त्याच वेळी खाद्यात अँटिबायोटिक नसल्याची खात्री करा. दोन्ही एकत्र घातलेली पोती दिसतात, ती पैसे दोनदा घालवण्याची रीत.

आता कडकनाथचे तूस. कल्पना मुळात चुकीची नाही. फिनलंडमध्ये १९७१ साली ब्रॉयलरमध्ये साल्मोनेलाची मोठी साथ आली, तेव्हा नुर्मी आणि रांताला यांनी मोठ्या कोंबडीच्या पोटातला माल नवजात पिल्लांना पाजला आणि ती पिल्ले साल्मोनेलाला पुरून उरली. १९७३ साली हे प्रसिद्ध झाले. पुढे तिथेच यावर आधारित औषधही बाजारात आले. पण यात दोन अटी आहेत. माल रोगमुक्त कोंबडीचा असतो, नीट तपासलेला, आणि तो पिल्लू निघाल्या दिवशी देतात, पोटातली जागा रिकामी असताना. तुमचे ब्रॉयलर २८ दिवसांचे आहेत, जागा भरलेली आहे, नवे पाहुणे टिकणार नाहीत. टिकेल ती तुसातली कॉक्सी. कडकनाथ निरोगी दिसतो म्हणून त्याच्या शिटेत ती नसते असे नाही. थोडी असते आणि तो ती पेलतो. दिवसाला १४० ग्रॅम खाणारा, त्याच जागेवर बसून राहणारा ब्रॉयलर पेलेलच असे नाही. साल्मोनेला तर कोंबडीत कोणतेही लक्षण न दाखवता राहतो.

तरीही रक्त किती आणि खाद्य किती हे स्वतःच्या शेडमध्ये मोजायचेच असेल, तर पुढच्या बॅचला चार कप्पे करा: ब्रॉयलरला नेहमीचे खाद्य, ब्रॉयलरला भरड मका आणि तूस घातलेले, आणि कडकनाथचे तसेच दोन. मध्ये नुसती जाळी नको, खालून दीड फूट पत्रा लावा म्हणजे तूस सरमिसळ होणार नाही. पक्षी सारख्या संख्येने नको, सारख्या किलोने ठेवा. दर आठवड्याला वजन करून जागा वाढवा. २१ व्या, २८ व्या आणि ३५ व्या दिवशी प्रत्येक कप्प्यात पाच ठिकाणचे तूस एकत्र करून त्यातले १०० ग्रॅम १०५ अंशांवर २४ तास वाळवा आणि घट मोजा. २५ ग्रॅमपर्यंत घट ठीक, ३५ च्या पुढे ओले. भरड खाद्याने दोन्ही जातींत घट सारखीच उतरली तर दोष खाद्याचा होता. फक्त ब्रॉयलरमध्ये उतरली, तर त्याच्या कमजोर पेट्याला ते खाद्य झेपत नव्हते. आणि कुठेच उतरली नाही तर निपल, मीठ आणि कॉक्सीकडे परत या.